कमरेवर हात ठेवलेली बाई

गणिताची चौकटीची वही घ्या आणि तिच्यात एक गोल काढा. अट एकच. रेघ ओढायची नाही. एकेक घर पूर्ण रंगवायचं, नाही तर पूर्ण कोरं ठेवायचं. अर्धंमुर्धं चालणार नाही.

काय झालं? पायऱ्या पडल्या ना? दहा घरं रुंद असलेला गोल तर गोल म्हणायच्याही लायकीचा होत नाही. पन्नास घरांचा मोठा काढलात आणि वही हातभर लांब धरलीत, तर मात्र डोळे फसतात आणि कडा गोलसर वाटायला लागते. आता त्रिकोण काढून पाहा. मग शंकरपाळ्याचा आकार. हे दोन्ही कसे झटपट जमतात! पायऱ्या इथेही आहेत, पण त्या शोभून दिसतात.

तुम्ही आत्ता जे केलंत ते तुर्कस्तानातल्या खेड्यांतल्या बायका शेकडो वर्षं करत आल्या आहेत. त्यांच्याकडे चौकटीची वही नसते, उभे-आडवे धागे असतात. त्या धाग्यांतून त्या ‘किलीम’ विणतात. किलीम म्हणजे लोकरीचं जाड, सपाट कापड. जमिनीवर अंथरायचं, भिंतीवर टांगायचं, उंटाच्या पाठीवरच्या पिशव्यांसाठी वापरायचं. गालिच्याला असते तशी मऊ लव त्याला नसते.

किलीमवर एक आकृती पुन्हा पुन्हा दिसते. वर छोटंसं डोकं, मधे बारीक कंबर, खाली पसरलेला घेर, आणि दोन हात आकड्यासारखे वळून कमरेवर टेकलेले. तुर्की बायका तिला ‘एलीबेलिंदे’ म्हणतात, म्हणजे कमरेवर हात ठेवलेली. ती आईपणाची खूण समजली जाते. (कमरेवर हात ठेवून उभी राहिलेली आई आपल्याकडे वेगळ्याच कारणासाठी ओळखीची आहे, ते सोडा.) तिच्या शेजारी मेंढ्याची शिंगं असतात, डोळा असतो, लांडग्याचं तोंड असतं, कानातलं असतं, वाहतं पाणी असतं. विंचूसुद्धा असतो. विंचू घरात येऊ नये म्हणून विंचूच विणून ठेवायचा! गावोगावी या खुणांचे अर्थ थोडे थोडे बदलतात, पण आकार मात्र सगळे कोनांचे, पायऱ्यांचे, शंकरपाळ्यांचे.

असं का? तुर्की बायकांना गोल आवडत नाहीत की काय?

कारण मागावर सापडतं. मागावर आधी उभे धागे ताणून बांधतात, तो ताणा. मग आडवा धागा एका उभ्या धाग्याच्या वरून, पुढच्याच्या खालून असा जात राहतो, तो बाणा. किलीममध्ये आडवे धागे फणीने ठोकून इतके दाट बसवतात की उभे धागे त्यांच्याआड झाकून जातात. म्हणजे दिसणारा सगळा रंग आडव्या धाग्यांचा. आता समजा, डावीकडे लाल हवा आणि उजवीकडे निळा. लाल धागा आपल्या हद्दीपर्यंत येतो आणि मागे फिरतो. निळा पलीकडून येतो, हद्दीवरूनच मागे फिरतो. दोघं एकमेकांना शिवतही नाहीत. मग त्या दोन रंगांच्या मधे काय उरतं? चीर! हद्द सरळ उभी वितभर नेली, तर कापडाला वितभर भोक पडणार.

विणणारी बाई यावर साधा उपाय करते. चार-सहा ओळी झाल्या की हद्द एक-दोन धागे बाजूला सरकवते. चीर लहानशीच राहते आणि कापड मजबूत होतं. पण हद्द अशी सरकत गेली की काय तयार होतं? तिरपी रेघ. दोन तिरप्या रेघा भेटल्या की त्रिकोण. दोन त्रिकोण पायाला पाय लावून ठेवले की शंकरपाळं. म्हणजे किलीमची नक्षी बाईच्या मनातून येते हे खरंच, पण तिच्यातला निम्मा वाटा धाग्यांचा आहे. धागे ‘नाही’ म्हणतात तिथे ती वळण घेते, आणि ते वळणच नक्षी होऊन बसतं.

आता आपल्या घरात या. पैठणीच्या पदरावर मोर असतो, पोपट असतात, कमळं असतात, वेली असतात. मोराची मान छान वळलेली दिसते. पैठणीही उभ्या-आडव्या धाग्यांचीच, मग तिला वळण कसं जमलं? दोन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे तिचं रेशीम लोकरीपेक्षा कितीतरी बारीक. घरं बारीक झाली की पायऱ्या बारीक होतात. तुमच्या पन्नास घरांच्या गोलाचं झालं तसंच. दुसरी गोष्ट जास्त गमतीची. पदर विणताना प्रत्येक रंगाचा धागा छोट्या तिल्लीवर गुंडाळलेला असतो. एका पदरावर अशा कितीतरी तिल्ल्या एका वेळी लोंबत असतात. दोन रंग जिथे भेटतात तिथे विणकर ते दोन धागे एकमेकांत अडकवतो आणि मग मागे फिरवतो. त्यामुळे चीर पडतच नाही. येवल्याला किंवा पैठणला हे काम चालू असताना पाहायला मिळालं, तर विणकराची बोटं बघा. एका ओळीत किती वेळा थांबतात ते मोजायचा प्रयत्न करा. महागड्या पैठणीला महिनोन् महिने का लागतात, ते सांगावं लागणार नाही.

आईची परवानगी काढून पदर उलटा करून पाहा. हातमागावरच्या खऱ्या पैठणीचा पदर मागूनही पुढच्यासारखाच दिसतो. मागे सुट्या धाग्यांचं जंगल असेल, तर ती बहुधा यंत्रमागाची. हे पदर उलटून बघायचं काम करायला नवी मुंबईतल्या मुलांना एक फार सोयीची जागा आहे, बेलापूरचं सिडकोचं अर्बन हाट. तिथे वेगवेगळ्या राज्यांतले विणकर आणि कारागीर माल घेऊन येतात. कापडाच्या पुढच्या बाजूला सगळेच भुलतात. तुम्ही मागची बाजू बघायला मागा. विणकराला कळतं की समोरच्याला काहीतरी समजतंय, आणि मग तो आपणहून बोलायला लागतो.

साड्या उलटतच आहात, तर काठही बघून घ्या. काठाची नक्षी म्हणजे एकच तुकडा पुढे पुढे सरकवत नेलेला. आता स्वतःला प्रश्न विचारा. हा काठ आरशात धरला तर तसाच दिसेल का? वरची बाजू खाली केली तर? अर्धा गोल फिरवला तर? ओल्या वाळूत उमटलेल्या डाव्या-उजव्या पावलांसारखा तो सरकून उलटतो का? जगातल्या कुठल्याही काठाला हे प्रश्न विचारा, उत्तरांचे संच फक्त सातच निघतात. नक्षी लाखो असतील, पण पुनरावृत्तीचे प्रकार सात. आठवा प्रकार असूच शकत नाही, हे गणिताने सिद्ध करता येतं. आणि काठाऐवजी चहूकडे पसरलेली नक्षी असेल तर प्रकार सतरा. हे रशियाच्या फेदोरोव यांनी १८९१ मध्ये दाखवून दिलं. ते स्फटिकांचा अभ्यास करत होते, साड्यांचा नव्हे! विणणाऱ्या बायकांनी ही सिद्धता वाचली नव्हती. पण यातले कितीतरी प्रकार त्यांच्या हातून आधीच विणून झाले होते.

नमुना काही कापडावरच असतो असं नाही. बेलापूरला सेक्टर आठमध्ये आर्टिस्ट व्हिलेज आहे. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात ते बांधलं. त्यांनी सात घरं एका छोट्या अंगणाभोवती मांडली. असे तीन गट एकत्र करून एकवीस घरांना मोठं अंगण दिलं. तसे तीन मोठे गट आणखी मोठ्या मोकळ्या जागेभोवती. तोच नमुना दर वेळी मोठा होत जातो. सात हा आकडा इथे पुन्हा आला, तो निव्वळ योगायोग.

रंगांकडे वळू या, कारण कापड आणि चित्र यांतला खरा फरक रंगात आहे. कागदावर तुम्ही रंग लावता तेव्हा तो वर बसतो. धाग्याचा रंग धाग्यात शिरतो आणि तिथे त्याला धरून ठेवावं लागतं. नाही तर पहिल्या धुण्यात पाणी लालभडक. तुर्की किलीमचा जुना लाल रंग एका झुडपाच्या मुळांतून येतो. त्या झुडपाची भारतीय बहीण म्हणजे मंजिष्ठा. निळा येतो निळीपासून, तपकिरी अक्रोडाच्या सालींपासून. आणि रंग धरून ठेवतं कोण? तुरटी! न्हाव्याच्या दुकानात असते, गढूळ पाण्यात फिरवतात, तीच. तुरटीतलं ॲल्युमिनिअम एका बाजूने लोकरीच्या तंतूला चिकटतं आणि दुसऱ्या बाजूने रंगाच्या रेणूला. मग तो रंग सहजासहजी सुटत नाही.

घरी करून पाहा, फक्त गॅसपाशी मोठं माणूस हवं. पांढऱ्या लोकरीचे दोन तुकडे घ्या. एक तुरटीच्या कोमट पाण्यात तासभर भिजवून ठेवा, दुसरा साध्या पाण्यात. मग दोन्ही कांद्याच्या सालींच्या काढ्यात एकत्र उकळा, वाळवा, आणि साबणाने धुवा. कुठला तुकडा जास्त झळाळतो, धुतल्यावर कुणाचा रंग टिकतो, ते लिहून ठेवा.

१८५६ मध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा लंडनमध्ये हिवतापावरचं औषध बनवायला गेला आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला. तेव्हापासून कारखान्यातल्या रंगांचा पूर आला. तुर्की खेड्यांतही ते स्वस्त रंग पोचले आणि मुळं खणून, वाळवून, कुटून रंग काढण्याची विद्या हळूहळू मागे पडली. काही ठिकाणी तर ती पार विसरली गेली. पुढे हॅराल्ड ब्योमर नावाच्या जर्मन रसायनशिक्षकाने जुन्या गालिच्यांच्या धाग्यांची तपासणी केली आणि कुठला रंग कुठल्या झाडाचा ते शोधून काढलं. १९८१ मध्ये इस्तंबूलच्या मार्मारा विद्यापीठाच्या मदतीने त्या कृती पुन्हा गावांत नेल्या गेल्या. गावांत सहकारी संस्था निघाल्या आणि बायका झाडांच्या रंगांत पुन्हा विणायला लागल्या. रसायनशास्त्रामुळे गेलेली विद्या रसायनशास्त्राच्याच हाताने परत आली, ही मला या सगळ्या हकिगतीतली सर्वांत आवडती गोष्ट.

आता चित्रकार. त्यांना कापडाचं वेड फार पूर्वीपासून. लंडनच्या नॅशनल गॅलरीत हान्स होल्बाइनचं ‘दूत’ नावाचं चित्र आहे, १५३३ सालचं. दोन रुबाबदार माणसं उभी आहेत आणि त्यांच्यामधल्या मेजावर तुर्की गालिचा पसरलाय. मेजावर का? त्या काळी युरोपात तुर्की गालिचा इतका महाग होता की त्याच्यावर पाय ठेवायची छाती फार थोड्यांनाच होती! होल्बाइनने त्याची नक्षी इतकी काटेकोर रंगवली आहे की आजचे अभ्यासक तिचा पुरावा म्हणून उपयोग करतात. गालिच्यावर तारीख नसते, चित्रावर असते. जो नमुना १५३३ च्या चित्रात दिसतो, तो १५३३ मध्ये किंवा त्याआधी विणला जात होता, हे नक्की.

विसाव्या शतकात तुर्कस्तानातच बेद्री रहमी एयुबोलू नावाचे चित्रकार आणि कवी होऊन गेले (१९११ ते १९७५). पॅरिसला जाऊन चित्रकला शिकून आले आणि मग आपल्याच खेड्यांतल्या किलीमांकडे, भरतकामाकडे, बायकांच्या छापील रुमालांकडे बघत बसले. त्यांच्या चित्रांत त्या नक्ष्या शिरल्या. ते स्वतः रुमाल छापायलाही लागले. १९५८ मध्ये ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात त्यांचं भलंमोठं भित्तिचित्र होतं, रंगीत तुकडे जोडून केलेलं. म्हणजे पुन्हा घरंच! एकेक घर पूर्ण रंगाचं, अर्धंमुर्धं नाही.

आणि आपल्याकडे? नवी मुंबईतल्या भिंतींवर वारली माणसं नाचताना तुम्ही पाहिली असतील. वारली बाई कशी काढतात? एक त्रिकोण टोकावर उभा, त्याच्याखाली दुसरा सुलटा, वर गोल डोकं आणि अंबाडा. ती एलीबेलिंदेच्या शेजारी ठेवा. बारीक कंबर, खाली घेर. सख्ख्या बहिणी वाटतात!

पण थांबा. एलीबेलिंदेला कोन आले ते धाग्यांमुळे, हे आपण बघितलं. वारलीत धागे कुठे आहेत? गेरूने सारवलेली कुडाची भिंत आणि तांदळाच्या पिठात बुडवलेली बांबूची काडी. काडी कुठेही वळू शकते. तारपा नाचाचं चित्र आठवा. नाचणाऱ्यांची साखळी गोल गोल आत वळत जाते. तसा भोवरा किलीमवर विणायला सांगितला तर विणणारी बाई डोक्याला हात लावेल. म्हणजे वारलीतला त्रिकोण कुणी लादलेला नाही, तो निवडलेला आहे. तुर्की बाई आणि वारली बाई यांचं नातं सांगणारा काही पुरावा नाही. दिसायला सारख्या असल्या तरी त्या वेगवेगळ्या वाटांनी तिथे पोचल्या आहेत. शार्क आणि डॉल्फिन दिसतात सारखे, पण एक मासा आहे आणि दुसरा आपल्यासारखा सस्तन प्राणी. तसंच हे.

डहाणू-तलासरीकडे वारल्यांच्या लग्नात घराच्या भिंतीवर ‘चौक’ काढतात. मोठी चौकट, तिच्यात पालघट देवी, आणि चौकटीला नक्षीचे काठ, एकाला लागून एक. हा मान सवाशिणींचा. पुरुषांनी काढायचा नाही. गाणी म्हणणारी धवलेरी वेगळी. लग्न झालं, पावसाळा आला, भिंत पुन्हा सारवली, की चौक गेला. कुणी काढला होता, हे त्या घराबाहेर कुणाला माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

१९७० नंतर मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर गेले, सोबत कागद घेऊन. त्यातूनच जिव्या सोमा मशे पुढे आले. ते पुरुष असूनही चित्रं काढायचे, लग्न असो-नसो, रोज काढायचे. त्यांची चित्रं जगभर गेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते वारले. फार मोठे चित्रकार, यात शंका नाही. पण ज्या कलेवर पिढ्यान् पिढ्या बायकांचा हात होता, तिच्यातलं सर्वांत प्रसिद्ध नाव एका पुरुषाचं आहे, हे लक्षात आलं का?

होल्बाइनच्या गालिच्याचंही असंच. त्या नमुन्याच्या गालिच्यांना आज तज्ज्ञ काय म्हणतात ठाऊक आहे? ‘होल्बाइन गालिचे’! लोरेन्झो लोत्तो या इटालियन चित्रकाराने दुसऱ्या एका तऱ्हेचे गालिचे रंगवले, त्यांना ‘लोत्तो गालिचे’. ज्याने गालिचा नुसता बघून रंगवला, त्याचं नाव गालिच्याला. जिने गाठीवर गाठ मारून तो तयार केला, तिचं नाव कुणी विचारलंही नाही. मला हे बरोबर वाटत नाही.

उलटं घडल्याचं उदाहरणही आहे, आणि त्यातही भास्कर कुलकर्णीच आहेत. १९६६-६७ मध्ये बिहारमध्ये मोठा दुष्काळ पडला. तेव्हा हस्तकलांसाठी काम करणाऱ्या पुपुल जयकर यांनी त्यांना मिथिलेला पाठवलं. तिथल्या बायका घराच्या भिंतींवर चित्रं काढत. कुलकर्णींनी त्यांना कागद दिले, म्हणजे चित्रं विकून चार पैसे मिळतील. कागदावर आलेलं चित्र घराबाहेर पडलं आणि ‘हे कुणी काढलं’ असं लोक विचारायला लागले. जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी ही नावं देशाला कळली. तिघींनाही पद्मश्री मिळाली.

तर आता एक काम. तुमच्या घरात आजीने, पणजीने किंवा शेजारच्या काकूंनी शिवलेली गोधडी असेल. विणलेलं तोरण, भरतकाम केलेला रुमाल, लोकरीचं टोपडं, काहीही असेल. चौकटीच्या वहीत त्याची नक्षी उतरवा आणि काठ सातांपैकी कुठल्या प्रकारचा आहे ते ओळखा. मग ते कुणी केलं, कुठल्या गावी, साधारण कुठल्या साली, हे घरात विचारून घ्या. आणि गोधडीच्या मागच्या कोपऱ्यात तिचं नाव नि साल लिहून टाका. पेनाने नको, धुण्यात जाईल. सुई घ्या आणि धावदोरा घाला.